विषाचा वाटा कोणाच्या दारी? : अमेरिकेतील पर्यावरणीय न्यायाचा लढा

पर्यावरण हा विषय आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवर फारसा आढळत नाही. वाघ, जंगले, पाणपक्षी यांची चिंता करण्यास ज्यांना सवड आहे त्यांचा तो विषय. शिक्षण, नोकरी, जमीन, अत्याचार हे प्रश्न पुढे उभे असताना ती चैन आपणांस परवडणारी नाही, अशी समजूत अनेक कार्यकर्त्यांमध्ये दिसते. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी पर्यावरणाची चर्चा आपल्या हाती ठेवली त्यांनी ती त्याच थाटात चालविली. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेचीही एकेकाळी हीच भावना होती, आणि ज्या घटनांनी ती पालटली त्या आपणांस अपरिचित वाटाव्यात अशा नाहीत. गावातील घाण गावाबाहेर कोठे टाकावी, हा प्रश्न दिसावयास साधा. पण त्याच्या उत्तरात कोणत्याही समाजाची उतरंड उघडी पडते. देशावरच्या अनेक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेसच का, असे विचारले असता जुनी माणसे वाऱ्याची दिशा दाखवीत असत.

अमेरिकेतील या लढ्याकडे आपण पाहावे याला आणखीही कारण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे निग्रो जनतेच्या वतीने सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. द्यु बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठविले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि आपल्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात 'कायद्याचे समान संरक्षण' हे जे शब्द आहेत, तेच शब्द अमेरिकी घटनेच्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत आहेत. समान संरक्षणाचे हे अभिवचन विषारी कचऱ्याच्या ट्रकपुढे किती टिकले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. या लेखात 'वर्ण' हा शब्द कातडीच्या रंगाच्या अर्थाने योजला आहे, चातुर्वर्ण्यातील वर्ण म्हणून नव्हे. कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषक, मूलनिवासी आणि आशियाई वंशाचे लोक या सर्वांचा एकत्र निर्देश करताना आम्ही 'गोरेतर' असे म्हटले आहे. पर्यावरणीय न्याय याचा अर्थ थोडक्यात असा : धूर, घातक कचरा, दूषित पाणी यांचा भार कोणी सोसावा, आणि त्यांपासून कायद्याचे संरक्षण कोणास मिळावे, या दोन्ही वाटण्या वर्ण पाहून होऊ नयेत, आणि ज्यांच्या दारात हे सर्व येणार त्यांना निर्णयात बसावयास जागा असावी.

वॉरन काउंटीचा रस्ता

१९७८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यात रात्रीच्या वेळी काही ट्रक हमरस्त्यांच्या कडेने विषारी तेल सांडीत गेले. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, या रसायनाने दूषित झालेले हे सुमारे ३१,००० गॅलन तेल होते. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरले जाणारे हे रसायन मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि अन्नावाटे शरीरातील चरबीत साठते. १९७६ च्या कायद्याने त्याच्या विल्हेवाटीवर निर्बंध आले व विल्हेवाट खर्चाची झाली. खर्च वाचविण्याचा हा मार्ग काढण्यात आला. १४ काउंटींतील सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडा विषारी झाल्या. गुन्हेगारांना शिक्षा झाली. आता प्रश्न उरला तो खरवडून काढलेल्या मातीचा. ती पुरावयाची कोठे?

राज्य सरकारने वॉरन काउंटीतील ॲफ्टन हे ठिकाण निवडले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, परंतु आकाराने बराच लहान असा प्रशासकीय विभाग. वॉरनच्या लोकसंख्येत साठ टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि उत्पन्नाच्या दृष्टीने ती राज्यातील अगदी तळाच्या काउंटींपैकी एक होती. शास्त्रीय दृष्ट्या ही जागा उत्तम होती काय? अशा क्षेपणभूमीचा तळ आणि भूगर्भातील पाणी यांत ५० फुटांचे अंतर असावे असा नियम होता. ॲफ्टन येथे भूजल बरेच वर होते. संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नियमातून सूट दिली. तेथील लोक पिण्यासाठी विहिरींवर अवलंबून होते. ज्या नियमाने त्यांचे रक्षण व्हावयाचे, तोच नियम त्यांच्यापुरता शिथिल झाला, ही बाब आम्हांस मोठी बोलकी वाटते.

नागरिकांनी प्रथम कायद्याचा मार्ग धरला. १९८२ च्या जुलैमध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने, एनएएसीपीने, न्यायालयात धाव घेतली. वर्ण हे जागेच्या निवडीचे कारण होते याचा पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. १५ सप्टेंबर १९८२ रोजी पहिले ट्रक निघाले. कोली स्प्रिंग्ज येथील बाप्टिस्ट चर्चपासून लोक मोर्चाने चालत गेले आणि ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले. सुमारे सहा आठवडे हा क्रम चालला. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांत राजधानी वॉशिंग्टनचे संसदेतील प्रतिनिधी वॉल्टर फाँट्रॉय होते, तसेच पुढे 'पर्यावरणीय वर्णभेद' ही संज्ञा रूढ करणारे बेंजामिन चॅव्हिस होते. नागरी हक्कांच्या लढ्यात ज्या चर्चमधून मोर्चे निघत त्याच प्रकारच्या चर्चमधून, त्याच पद्धतीने, पण प्रथमच मातीसाठी आणि पाण्यासाठी माणसे तुरुंगात गेली. तरीही सुमारे ७,००० ट्रकफेऱ्यांची माती ॲफ्टनमध्ये पुरली गेलीच. पुढे त्या भरावात पाणी साचले. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २००३ अखेर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ती माती निर्विष करण्यात आली. लढा सुरू झाल्यापासून यास एकवीस वर्षे लागली.

याही आधीची एक घटना सांगितली पाहिजे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मरण पावले. त्यानंतर सुमारे १,३०० सफाई कामगारांनी संप केला. आपणही माणूस आहोत एवढेच सांगणारे फलक घेऊन ते रस्त्यावर आले. त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल रोजी तेथेच मारले गेले. किंग यांचा अखेरचा लढा शहराचा कचरा वाहणाऱ्यांचा होता, हे आपल्याकडे त्यांच्या जयंतीच्या भाषणांतून क्वचितच सांगितले जाते.

मोजणीचे महत्त्व

वॉरनचा लढा हरला. पण अटक झालेल्या फाँट्रॉय यांनी त्यातून एक प्रश्न संसदेत नेला. अशा क्षेपणभूमी एरवी कोठे आहेत? संसदेसाठी तपासणी करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने १९८३ साली आग्नेयेकडील आठ राज्यांचा अहवाल दिला. तेथे घातक कचऱ्याच्या चार मोठ्या क्षेपणभूमी होत्या. त्यांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वस्त्यांत होत्या. १९८७ साली 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' या ख्रिस्ती संघटनेच्या वांशिक न्याय आयोगाने संपूर्ण देशाची पाहणी प्रसिद्ध केली. घातक कचऱ्याची केंद्रे कोठे आहेत हे ठरविणाऱ्या घटकांत उत्पन्न, घरांच्या किमती इत्यादींहून वर्ण हा घटक अधिक प्रभावी आढळला. दर पाच कृष्णवर्णीय व स्पॅनिश वंशीय नागरिकांपैकी तीन जण बेवारस विषारी कचऱ्याच्या जागा असलेल्या वस्त्यांत राहत होते. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, अधिक काटेकोर पद्धतीने पुन्हा मोजणी झाली. घातक कचऱ्याच्या केंद्रांपासून तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत गोरेतर निम्म्याहून अधिक निघाले.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या कानांना सवयीचा आहे. हा प्रश्न वर्णाचा नसून गरिबीचा आहे. जमीन जेथे स्वस्त तेथे कारखाना जातो, आणि भाडे जेथे कमी तेथे गरीब जातात. यात भेदभाव कसला? आपल्याकडे 'जातीचे काय घेऊन बसलात, प्रश्न आर्थिक आहे' असे म्हणणाऱ्यांचा हाच युक्तिवाद असतो. त्याला उत्तर घोषणेने देता येत नाही, आकड्यांनी द्यावे लागते, आणि अमेरिकेत ते दिले गेले. २००८ च्या एका अभ्यासात असे दिसले की वर्षाला ५० ते ६० हजार डॉलर मिळविणारी कृष्णवर्णीय कुटुंबे सरासरीने ज्या वस्त्यांत राहतात, त्या १० हजार डॉलरहूनही कमी मिळविणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांपेक्षा अधिक प्रदूषित आहेत. म्हणजे पाचपट कमावूनही हवा विकत घेता येत नाही. आधी कचरा आला की आधी गोरेतर लोक आले, या वादातही पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी २०१५ मध्ये अनेक दशकांची माहिती तपासून दाखविले की केंद्रे उभारली गेली त्या वेळीच त्या वस्त्या गोरेतर होत्या किंवा होऊ लागल्या होत्या.

वस्त्या अशा वेगळ्या कशा झाल्या हेही ध्यानी घेतले पाहिजे. १९३० च्या दशकात संघराज्याच्या एका गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले. कृष्णवर्णीय जेथे राहत ते भाग लाल रंगाने दाखवून कर्जासाठी धोक्याचे ठरविले. तेथे ना घरे सुधारली, ना झाडे लागली. १०८ शहरांच्या २०२० मधील अभ्यासात त्या लाल भागांचे आजचे उन्हाळी तापमान इतर भागांहून सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियस अधिक निघाले. लाल रंग पुसला गेला त्याला अनेक दशके लोटली. ऊन मात्र अजून त्या नकाशाप्रमाणेच पडते आहे.

कमीत कमी विरोधाची जागा कशी शोधतात, याचे एक दप्तरी उदाहरण उपलब्ध आहे. कचरा जाळून वीज निर्माण करण्याच्या भट्ट्या कोठे उभाराव्यात, यासाठी कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळाने एका सल्लागार संस्थेकडून १९८४ मध्ये अहवाल करून घेतला. कमी शिकलेल्या, अल्प उत्पन्नाच्या वस्त्या सर्वांत कमी विरोध करतील, असे त्यात नमूद होते. वर्णाचा उल्लेख करण्याची गरजही पडली नाही. याच राज्यातील केटलमन सिटी हे जवळजवळ संपूर्णपणे स्पॅनिश भाषकांचे, शेतमजुरांचे छोटेसे गाव. घातक कचऱ्याची विशाल क्षेपणभूमी तेथे होतीच. त्यात विषारी कचरा जाळण्याच्या भट्टीची भर पडणार होती. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत होता. गावातील बहुसंख्य माणसांना जी भाषा नीट येत नव्हती तिच्यात त्यांच्या भवितव्याची सुनावणी झाली. १९९१ च्या अखेरीस न्यायालयाने निकाल दिला की स्पॅनिश भाषांतर न दिल्याने लोकांच्या सहभागाला अर्थ राहिला नाही. १९९३ मध्ये कंपनीने भट्टीचा बेत सोडला. लोकांची भाषा हे न्यायाचे साधन ठरल्याचे असे उदाहरण विरळाच. भगवान बुद्धांनी लोकभाषेतून उपदेश केला, हे नित्य सांगणाऱ्या आम्हांस ते विशेष वाटले तर नवल नाही.

मूलनिवासींची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो लोकांच्या भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमची खनिजमाती काढण्यात आली आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच सोडून देण्यात आल्या, एवढे येथे नोंदवितो.

हेतूचा पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समान संरक्षणाचे अभिवचन घटनेत असताना हे लोक न्यायालयात वारंवार हरले का?

ह्यूस्टन शहरात १९७९ मध्ये नॉर्थवूड मॅनर या वस्तीलगत क्षेपणभूमी होणार होती. ही वस्ती झोपड्यांची नव्हती. स्वतःची घरे बांधून राहणाऱ्या मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांची होती. वकील लिंडा मॅककीव्हर बुलार्ड यांनी रहिवाशांचा खटला घेतला, आणि त्यांचे पती समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहरातील क्षेपणभूमींची मोजदाद केली. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक चतुर्थांश. परंतु महापालिकेच्या पाचही क्षेपणभूमी आणि आठांपैकी सहा भट्ट्या त्यांच्या वस्त्यांत होत्या. न्यायासनावर गॅब्रिएल मॅकडोनल्ड होत्या, त्या स्वतः कृष्णवर्णीय. शाळेजवळ आणि अशा वस्तीत क्षेपणभूमी होणे त्यांनाही असंवेदनशील वाटले, तसे त्यांनी लिहिलेही. पण मनाई हुकूम दिला नाही. कारण १९७६ व १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी असा दंडक घातला होता की चौदाव्या दुरुस्तीखाली केवळ परिणाम विषम आहे एवढे दाखवून भागत नाही. भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो.

या दंडकाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जागा निवडणारा अधिकारी जमिनीची किंमत पाहतो, रस्ता पाहतो, विरोध किती होईल ते पाहतो. त्याच्या मनात कोणाविषयी द्वेष असेलच असे नाही. द्वेषाची आवश्यकताच नसते. आधीच्या पिढ्यांनी सर्व मांडामांड करून ठेवलेली असते आणि उतार जिकडे आहे तिकडे पाणी जाते. अशा स्थितीत हेतूचा पुरावा मागणे म्हणजे जो कागद कोणी लिहिलाच नाही तो दाखवा असे म्हणणे होय. धम्मात चेतनेला, म्हणजे हेतूला, जे महत्त्व आहे ते आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु ती कर्म करणाऱ्याच्या चित्ताची मीमांसा आहे. ज्याच्या विहिरीत विष उतरले त्याने विष ओतणाऱ्याच्या चित्ताचा पुरावा आणून द्यावा, असा नियम तीतून निघत नाही.

कायद्याची अंमलबजावणी तरी समान होती काय? 'नॅशनल लॉ जर्नल' या वकिलांच्या साप्ताहिकाने १९९२ मध्ये ईपीएची प्रकरणे तपासली. घातक कचऱ्याच्या कायद्याखाली कंपन्यांना झालेला सरासरी दंड गोऱ्या वस्त्यांत सुमारे ३ लाख ३५ हजार डॉलर होता, तर गोरेतर वस्त्यांत सुमारे ५५ हजार. विषारी जागा सफाईच्या राष्ट्रीय यादीत येण्यास गोरेतर वस्त्यांत २० टक्के अधिक काळ लागत होता. या तपासणीच्या पद्धतीवर पुढे संशोधकांनी आक्षेप घेतले, हेही सांगावयास हवे. तथापि 'असमान संरक्षण' हा शब्दप्रयोग तीमुळेच सर्वांच्या तोंडी झाला.

याच सुमारास चळवळ संघटित झाली. १९९० मध्ये नैर्ऋत्येकडील कार्यकर्त्यांनी देशातील दहा बड्या निसर्गरक्षक संस्थांना पत्र लिहून विचारले की तुमच्या पदाधिकाऱ्यांत गोरेतर माणसे कोठे आहेत? ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथे गोरेतर समाजांच्या पर्यावरण नेत्यांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिने १७ तत्त्वे मंजूर केली. माणूस जेथे राहतो, काम करतो, जेथे त्याची मुले खेळतात ते सर्व पर्यावरण होय, ही व्याख्या या चळवळीची. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १२८९८ काढला : अल्पसंख्य आणि गरीब समाजांवर विषम प्रमाणात होणारे दुष्परिणाम प्रत्येक केंद्रीय खात्याने ओळखावेत व दूर करावेत. मात्र त्या आदेशात असेही लिहिले होते की त्याच्या आधारे कोणालाही न्यायालयात हक्क सांगता येणार नाही.

तरीही एक वाट उरली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार, केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वर्णावरून भेदभाव करता येत नाही. आणि ईपीएच्या नियमांत परिणामाने होणारा भेदभावही निषिद्ध होता, हेतू असो वा नसो. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन शहरात वॉटरफ्रंट साउथ ही वस्ती आहे, ९१ टक्के गोरेतर. आधीच प्रदूषणाने ग्रासलेल्या या वस्तीत सिमेंटसाठी धातुमळी दळणारा कारखाना उभा राहिला. कारखाना हवेचे राष्ट्रीय मानक पाळतो, तेव्हा परवाना योग्य, असे राज्याचे म्हणणे. १९ एप्रिल २००१ रोजी संघ न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने मनाई हुकूम दिला : मानक पाळले एवढ्याने नागरी हक्काचे कर्तव्य संपत नाही. पाचच दिवसांनी, २४ एप्रिल रोजी, अलाबामातील एका वेगळ्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की परिणामावर आधारलेल्या नियमांसाठी खाजगी नागरिकाला दावाच लावता येत नाही. कॅम्डेनचा विजय त्याच वर्षी डिसेंबरात वरच्या न्यायालयात पुसला गेला. ती वाटही अशी बंद झाली. तक्रार करावयाची तर ती ईपीएकडे, आणि ईपीएने ती वर्षानुवर्षे ठेवून द्यावयाची.

फ्लिंटचे पाणी

महाडच्या चवदार तळ्याचा लढा पाण्याचा होता आणि माणुसकीचाही. म्हणून मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराची हकीकत आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. हे शहर कृष्णवर्णीय बहुसंख्य, त्या वेळची लोकसंख्या सुमारे एक लाख. आर्थिक अडचणीचे कारण देऊन राज्याने तेथे आपला प्रशासक नेमला होता. निवडून आलेल्या नगरसेवकांचे अधिकार त्याच्या हाती गेले होते. २५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचविण्यासाठी शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेण्यास प्रारंभ झाला. नळांची झीज रोखणारे रसायन त्यात घातले गेले नाही, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत. पाणी ठीक आहे असे त्यांना सांगितले जाई. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने ते पाणी घेणे थांबविले, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. माणसांना मात्र आणखी एक वर्ष तेच पाणी दिले गेले. यंत्राची तक्रार लगेच ऐकली जाते आणि आईची ऐकली जात नाही, याला काय म्हणावे?

मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ मध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला. निर्णय घेणाऱ्या व्यक्ती वर्णद्वेष्ट्या होत्या असे आयोगाने म्हटले नाही. घरांची, कर्जांची, करांची आणि सत्तेची दीर्घकाळ चालत आलेली विषम व्यवस्था या संकटाच्या मुळाशी आहे, आणि हा व्यवस्थेतील वर्णभेद आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. न्यायालये हेतू शोधीत राहिली. आयोगाने परिणामाकडून कारणाकडे जाण्याचा मार्ग घेतला. आमच्या मते तोच योग्य होय.

अलीकडे या चळवळीने मिळविलेले बरेचसे गमावले आहे. २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने १९९४ चा आदेश रद्द झाला. मार्चमध्ये ईपीएने पर्यावरणीय न्यायाची आपली कार्यालये बंद करण्याचे जाहीर केले. एप्रिलमधील दुसऱ्या एका आदेशाने, परिणामावरून भेदभाव ठरविण्याच्या तत्त्वाचा वापर सरकारने शक्य तेवढा थांबवावा असे धोरण घोषित झाले. त्याचा फटका कोठे बसला याचे उदाहरण अलाबामातील लाउंड्स काउंटीचे आहे. १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेला सेल्मा ते माँटगोमेरी हा मोर्चा याच काउंटीतून गेला. तेथील चिकण मातीत सांडपाणी मुरत नाही. गटारांची सोय नाही. मैला घरामागे उघड्यावर साचतो. कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स या तेथीलच कार्यकर्तीने वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. राज्याने सोय करण्याऐवजी रहिवाशांनाच फौजदारी कारवाईची भीती घातली होती. केंद्रीय न्याय खात्याने चौकशी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याशी करार झाला : कारवाई थांबवावी, सोय करावी. एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्यानेच तो करार संपुष्टात आणला.

मैला उघड्यावर सोडल्याबद्दल दोषी कोण, ज्याच्या घरी गटार पोहोचले नाही तो, की ज्याने ते पोहोचविले नाही तो? आपल्याकडे मैला वाहण्याच्या कामाला कायद्याने बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मरण पावणाऱ्या कामगारांच्या वारसांसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरी गटारात उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तोही अनुच्छेद २१ खाली, प्रत्येक व्यक्तीसाठी. परंतु ते संरक्षण कोणत्या वस्तीला किती मिळते याची जातवार मोजणी आपल्याकडे अमेरिकेच्या मानाने नगण्य आहे. आमच्या अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे असे आम्हांस वाटते. बुलार्ड यांनी ती मोजदाद आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊनच केली होती.

केंद्राने पाठ फिरविली तरी काही राज्यांत कायदा पुढे गेला आहे, आणि त्यांत ज्या राज्यात कॅम्डेन आहे ते न्यू जर्सी अग्रभागी आहे. तेथे १८ सप्टेंबर २०२० रोजी झालेल्या कायद्यानुसार, ज्या वस्तीत निदान ३५ टक्के कुटुंबे अल्प उत्पन्नाची आहेत, किंवा निदान ४० टक्के रहिवासी अल्पसंख्य समाजांचे आहेत, किंवा निदान ४० टक्के कुटुंबांना इंग्रजी नीट येत नाही, ती अतिभारित वस्ती मानली जाते. तेथे नवी भट्टी, क्षेपणभूमी वा वीजकेंद्र उभारावयाचे तर आधीच्या सर्व प्रदूषणाचा एकत्रित हिशेब मांडावा लागतो आणि त्याच वस्तीत जाहीर सुनावणी घ्यावी लागते. वस्तीवरील भार इतरांहून विषम ठरत असेल तर परवाना नाकारणे बंधनकारक आहे. मालकाचा वा अधिकाऱ्याचा हेतू काय होता, हे त्यात कोणी विचारीत नाही. या कायद्याचे नियम एप्रिल २०२३ मध्ये लागू झाले. जे कारखाने आधीपासून उभे आहेत त्यांचा परवाना मात्र या कायद्याने नाकारता येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी अटी तेवढ्या घालता येतात.